टोप उघडून दाखवल्याशिवाय एक रुपया पाठवू नका : जुन्या बोट-इंजिनात झालेली माझी फसवणूक

मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा भरली होती, त्याच आठवड्यापासून पुढच्या काही दिवसांत माझे ४७,३०० रुपये गेले. इंजिनाचे ३८,०००, ट्रान्सपोर्टचे २,८०० आणि नंतर आणखी ६,५००. हे शेवटचे साडेसहा हजार माझ्या मनाला सगळ्यांत जास्त लागले. ते कसे गेले ते पुढे सांगतो. जुन्या इंजिनांचा नाद असलेली पोरं आपल्या भागात बरीच आहेत आणि ज्याने मला गंडवलं तो अजून बाजारात आहे, म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

मी साखर कारखान्यात सत्तावीस वर्षं फिटर होतो. राहायला शहाद्याजवळ. निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये एक राजदूत, दोन लूना आणि विहिरीवरचं एक जुनं ऑइल इंजिन उभं केलं. टू-स्ट्रोक इंजिनाचा आवाज ऐकून मला त्याचं दुखणं कळतं, असा माझा समज होता आणि तो बऱ्यापैकी खराही आहे. पण आवाज मोबाइलमधून आला की काहीच कळत नाही.

तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा इथे बॅरेज झाल्यापासून नदीत लांबपर्यंत पाणी उभं असतं. माझे मामा त्या पाण्यात जाळं टाकतात. वय पासष्टच्या पुढे. समोरून वारा सुटला की वल्ही मारून काठाला यायला त्यांना तास-तास लागतो. त्यांच्या नावेला मागे लावायचं एक जुनं इंजिन मिळवावं, उन्हाळ्यात स्वतः खोलावं, घासावं, चालू करावं आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मामांच्या हातात द्यावं, एवढीच इच्छा होती.

ही मागे लावायची इंजिनं म्हणजे आउटबोर्ड. अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये ती विकायला सुरुवात केली. पुढे जॉन्सन आणि एव्हिनरूड ही दोन्ही नावं एकाच कंपनीकडे आली. ती कंपनी २००० साली दिवाळखोरीत गेली आणि एव्हिनरूड नावाचं उत्पादनही २०२० मध्ये थांबलं. म्हणजे सुट्या भागांसाठी दुकानात जाऊन हात पुढे करावा अशी सोय नाही. हौशी माणूस जुनं इंजिन दिसलं की घाई करतो ती यामुळे, आणि फसवणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं.

फोटो मला मोबाइलवर आला. ‘जॉन्सन, १९५७ मॉडेल, साडेपाच हॉर्सपॉवर, चालू स्थितीत.’ निळ्या ताडपत्रीसमोर लाकडी घोडीला इंजिन टांगलेलं, हिरवा-पांढरा रंग झळकत होता. फोन केला तर माणूस फार गोड बोलला. दादा, काका, तुम्ही जाणकार दिसता, तुमच्यासारख्याकडेच जायला पाहिजे ही वस्तू. अलंगला जहाज तोडायला आलं होतं, त्याच्या लाइफबोटीवरचं इंजिन आहे म्हणाला. तिथेच मला शंका यायला हवी होती. जहाजाच्या लाइफबोटीला डिझेल इंजिन असतं, तसा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. पेट्रोलवरचं साडेपाच हॉर्सपॉवरचं छोटं इंजिन तिथे कुठून येणार? अलंगच्या दुकानदारांचा यात काही दोष नाही, त्याने फक्त ठिकाणाचं नाव वापरलं.

मग व्हिडिओ आला. दोरी ओढली, दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू, पंधरा सेकंद चाललं, बंद. मी तो व्हिडिओ वीस वेळा पाहिला असेल. माझ्या डोळ्यांना दिसलं इंजिन. मामांना दिसलं ते वेगळंच. ते म्हणाले, “याना पानीना ड्रम कोठे शे?”

आउटबोर्ड इंजिन नदीचं पाणी ओढून थंड राहतं. खाली इंजिनाच्या पायात रबरी पंखडीचा छोटा पंप असतो, त्याला इम्पेलर म्हणतात. इंजिन कोरडं फिरवलं की ते रबर घासून जातं. म्हणून ज्याला इंजिनाची किंमत आहे तो पाय पाण्याच्या ड्रममध्ये बुडवूनच सुरू करतो. ज्याच्याकडे पंपच नाही, तो हवेत पंधरा सेकंद चालवतो आणि तापायच्या आत बंद करतो. मामांचं बोलणं मी कानाआड केलं. “रंग आत्तेच लायेल दिखस,” असंही ते म्हणाले होते. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्यांचे व्यवहार बघत त्यांचा जन्म गेला. तिथे तोंड उघडून दात मोजल्याशिवाय कोणी बयाणा देत नाही. तीच यात्रा चालू असताना मी न पाहिलेल्या वस्तूचे पैसे पाठवले.

आधी १०,००० पाठवले, मग ‘बिल्टी करायची आहे, गाडी उभी आहे’ म्हणून त्याच दिवशी उरलेले २८,०००. पैसे ज्या खात्यात गेले त्याचं नाव बोलणाऱ्याच्या नावापेक्षा वेगळं होतं. मेव्हण्याचं खातं आहे म्हणाला. मी मान्य केलं.

आठ दिवसांनी पेटी आली, भाडं टू-पे, म्हणजे माल घेणाऱ्याने भरायचं. बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, हातात घेतली तर मालाच्या रकान्यात लिहिलेलं : ‘जुना भंगार, १ नग.’ ट्रान्सपोर्टवाले काहीही लिहितात, असं वाटून मी घडी घालून खिशात टाकली. पुढे तोच कागद त्याने माझ्याविरुद्ध वापरला.

शेडमध्ये पेटी फोडली आणि टोप, म्हणजे इंजिनावरचं झाकण, काढला. १९५७ च्या इंजिनात फ्लायव्हीलखाली, म्हणजे वरच्या जड चाकाखाली, ठिणगी पाडणारे पॉइंट आणि कंडेन्सर असायला हवेत. पुलर लावून फ्लायव्हील काढलं. पॉइंट नव्हतेच, खाली इलेक्ट्रॉनिक इग्निशन. ते या इंजिनांत सत्तरच्या दशकाच्या शेवटी-शेवटी आलं. बोटीला आवळायच्या ब्रॅकेटवर नंबरची पट्टी असते, तिथे रिव्हेटची दोन रिकामी भोकं होती, त्यांवरून रंग फिरवलेला. पण ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर, एक गोल धातूची चकती ठोकलेली असते, तिच्यावरही नंबर कोरलेला असतो. ती मात्र त्याच्या नजरेतून सुटली होती. थिनरचा बोळा फिरवला आणि अक्षरं वर आली.

इथे एक गोष्ट नीट सांगतो, कारण ती कामाची आहे. १९८० पासून जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या मॉडेल नंबरात साल दोन अक्षरांत लपलेलं असतं. ‘इंट्रोड्युसेस’ या इंग्रजी शब्दाची दहा अक्षरं घ्या : आय म्हणजे १, एन २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९ आणि शेवटचा एस म्हणजे शून्य. सालाची जोडी नंबराच्या शेवटाजवळ असते. माझ्या चकतीवर ती जोडी होती सी-आर. म्हणजे ८४. आणि सुरुवातीच्या अक्षरानंतरचा आकडा हॉर्सपॉवर सांगतो. तिथे ८ होता. माझं ‘१९५७ चं साडेपाच’ हे १९८४ चं आठ निघालं.

एवढ्यावर असतं तरी मी गिळलं असतं. आठ हॉर्सपॉवर मामांना चाललंच असतं. पण सिलिंडरमधला दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज लावला तर वरच्या सिलिंडरला ९० पौंड आणि खालच्याला ४०. दोन्हींत फार तर दहा-पंधरा टक्क्यांचा फरक चालतो. सिलिंडरच्या बाजूला रंग जरा फुगीर दिसत होता, स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं तर खपली निघाली आणि खाली करडा एमसील. तो उकरला तेव्हा बोटभर लांब तडा दिसला, पाणी फिरतं त्या जाकिटापर्यंत गेलेला. पायातला गिअरबॉक्स उघडला तर गिअर ऑइलच्या जागी घट्ट ग्रीस कोंबलेलं. सील गेले असले की ऑइल गळून गिऱ्हाइकाला दिसतं, ग्रीस गळत नाही. आणि इम्पेलरची जागा रिकामी. रबराचा तुकडासुद्धा नव्हता.

फोन केला. तो चिडला नाही, उलट हळहळला. कारागिराने घोळ केला, मी तुम्हाला चांगला ब्लॉक आणि पंपाचा किट पाठवतो, फक्त ६,५०० भरा, माल मिळाल्यावर तेही परत करतो म्हणाला. मी भरले. समोर उघडं इंजिन, मनात आखाजी आणि मामांना दिलेला शब्द. फसलेला माणूस आधीचे पैसे वाचवायला आणखी पैसे घालतो, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. किट आला नाही. चौथ्या दिवशी त्याचा शेवटचा निरोप आला, सोबत बिल्टीचा फोटो : ‘भंगार म्हणून घेतलं, भंगार मिळालं.’ त्यानंतर नंबर बंद.

मी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तो नऊ दिवसांनी. लाज वाटत होती, घरात सांगितलं नव्हतं. लगेच तक्रार केली तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता येतात. माझे तोवर काढून झाले होते. पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे, बिल्टी आणि निरोप जोडले आहेत. पैसे परत आलेले नाहीत.

असा व्यवहार करणार असाल तर त्या गोल चकतीचा फोटो मागा, शेजारी त्या दिवसाचा पेपर ठेवून. इंजिन ड्रममध्ये पाच मिनिटं चालवून दाखवायला सांगा, व्हिडिओ कॉलवर, टोप काढून. कॉम्प्रेशन दोन्ही सिलिंडरचं. बिल्टीवर वस्तूचं खरं नाव आणि नंबर लिहून घ्या. आणि जमलं तर एसटीचं तिकीट काढून स्वतः जा. मी तेवढे पाचशे-सातशे वाचवायला गेलो.

मागच्या महिन्यात दोंडाईच्याच्या एका पोराचा फोन आला. कोणीतरी माझं नाव सांगितलं होतं. त्याला ‘१९५५ चं एव्हिनरूड’ देऊ केलं होतं, फोटो पाठवला. इंजिन वेगळं, रंग निळा. पण मागे तीच ताडपत्री, तीच लाकडी घोडी, आणि घोडीच्या डाव्या पायाला तोच लाल सुतळीचा वेढा. मी म्हटलं, चकतीचा फोटो माग. त्याने मागितला. दहा मिनिटांत समोरच्याने त्याला ब्लॉक केलं.