फ्लोराइडविरहित माउथवॉश: बाटलीच्या मागच्या बाजूला काय छापले आहे

ठाण्यात नौपाड्यातील गोखले रस्त्यावरच्या एका औषधांच्या दुकानातून घेतलेले लवंगी चवीचे माउथवॉश मी सध्या वापरत आहे. पुढच्या बाजूला ‘फ्लोराइड नाही, अल्कोहोल नाही’ हेच काय ते ठळकपणे छापले आहे. परंतु हिरड्यांच्या दाहावर त्याचा उपयोग होईल की नाही, हे मागच्या बारीक अक्षरांतील घटकांवरूनच ठरते.

त्यांतला मुख्य घटक सेटिलपिरिडिनियम क्लोराइड असून त्याचे प्रमाण ०.०५ टक्के आहे. धन विद्युतभारामुळे हे द्रव्य जंतूंच्या ऋणभारित आवरणाला चिकटून ते फाडते, आणि ज्या थरामुळे हिरड्या सुजतात तो दातांवर कमी साचतो. क्लोरहेक्सिडीन हे माउथवॉशमधले दुसरे जंतुनाशक याहून प्रभावी खरे, पण ते फार दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात व तोंडाची चव बिघडते. रोजच्या वापरासाठी म्हणून मला हे सौम्य द्रव्यच बरे वाटते. यातले झिंक, म्हणजे जस्त, तोंडाच्या दुर्गंधीच्या गंधकयुक्त संयुगांना बांधून ठेवते, आणि सकाळी तो फरक खरोखर जाणवतो. अमृतधारेत पडणारे ओव्याचे फूल, म्हणजे थायमॉल, आणि लवंगेतील युजेनॉल हेही जंतुनाशकच आहेत. मात्र त्यांची प्रमाणे कुठेच दिलेली नाहीत, त्यामुळे ती औषधापुरती आहेत की केवळ वासापुरती, हे ग्राहकाला कळायला मार्ग नाही. झायलिटॉल या साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या गोड पदार्थापासून दात किडवणाऱ्या जंतूंना आम्ल तयार करता येत नाही, तरीही अर्ध्या मिनिटात थुंकून टाकायच्या द्रवात त्याचे काम मुख्यतः गोडीचेच समजावे.

माझा खरा आक्षेप वापराच्या सूचनेवर आहे. ‘दात घासल्यावर लगेच चूळ भरावी’ असे तिथे लिहिले आहे, पण तसे केल्यास टूथपेस्टमधून दातांवर राहिलेले फ्लोराइड धुतले जाते आणि पेस्टमधील फेस आणणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटमुळे सेटिलपिरिडिनियमचाही जोर कमी होतो. मी ते दुपारच्या जेवणानंतर वापरतो आणि पेस्ट मात्र फ्लोराइडचीच ठेवली आहे, कारण या बाटलीतला एकही घटक दातांच्या कवचाला खनिजे परत मिळवून देण्यात फ्लोराइडची जागा घेत नाही.

चव सुसह्य आहे, जळजळ होत नाही, किंमत मात्र थोडी चढी वाटते. किटण साचून हिरड्यांतून रक्त येत असेल, तर हे पैसे आधी दंतवैद्याकडून दात साफ करून घेण्यावर खर्च करावेत. घट्ट झालेले किटण कोणत्याही चुळीने निघत नाही.