“दादा, ते लॅमिनेशन आहे”: जुन्या सायकलीत गेलेले माझे 15,350 रुपये

जुन्या वस्तूंच्या ॲपवर दिसलेली गिअरवाली सायकल, “चारच महिने वापरलीय, बदली झाली म्हणून विकतोय”, सांगितलेला भाव 14,500. घासाघीस करून सौदा 13,500 ला ठरला. 1,000 आधी यूपीआयने टोकन, 12,500 सायकल हातात आल्यावर. बदली, टोकन, “अजून दोघं बघायला येतायत”... ही सगळी नाटकं तुम्हाला पाठ असतील, मी उगाळत बसत नाही.

माझं डोकं फिरतं ते त्या स्टिकरवरून. हँडलखाली फ्रेमची तिरकी नळी पुढच्या आखूड नळीला जिथे जोडलेली असते, तिथे खालच्या अंगाला तळहाताएवढं काळं स्टिकर होतं. मी त्यावरून बोट फिरवलं आणि नख अडकलं. अडकलं होतं, शंभर टक्के! मी विचारलंसुद्धा. तर म्हणे, “दादा, ते लॅमिनेशन आहे. खडे उडून रंग जातो ना.” आता तिथे अशी फिल्म लावणारे खरोखरच असतात, मग संशय घ्यायचा कशावर? त्यात पार्किंगमधला मिणमिणता दिवा. दिवसाउजेडी यायला त्याला कधीच जमत नव्हतं, का ते आता कळतंय. सायकल उन्हातच बघा. विकणारा अंधार पडल्यावर बोलावत असेल तर जाऊच नका.

आणि मी काही डोळे मिटून घेतली नव्हती. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली, चाकं फिरवून रिम वाकडी आहे का पाहिलं, क्रँक म्हणजे पेडलचा दांडा धरून आडवा हलवला. चेनसुद्धा मोजली. एका पिनेपासून पुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंत 12 इंच, म्हणजे 305 मिलिमीटर भरायला हवं. दीड मिलिमीटर जास्त भरलं तर चेन बदलायची, तीन भरलं तर बहुतेक कॅसेटही, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चक्रंही गेली. माझं माप तंतोतंत आलं. येणारच, चेन कालपरवा टाकलेली! चार महिन्यांच्या सायकलीला नवी चेन कशाला लागते, हा प्रश्न तेव्हा डोक्यात आला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. चेन चकाकत असेल तर आधी मागचे दाते बघा. माझ्या सायकलीचे करवतीसारखे टोकदार झाले होते. पहिल्याच चढाला जोर दिला आणि चेन सटकली.

कॅसेट आणि चेन दोन्ही बदलले, 1,850 रुपये. पुसताना मेकॅनिकनेच ते स्टिकर सोलून काढलं. आत पुट्टी, पुट्टीखाली नळीच्या अर्ध्या घेरापर्यंत गेलेली चीर, शेजारी रंगाला सुरकुत्या. म्हणजे सायकल कशावर तरी समोरून जोरात आदळलेली. फ्रेम ॲल्युमिनियमची. नुसतं वेल्डिंग केलं तर तिथली ताकद जाते, पुन्हा हीट ट्रीटमेंट, म्हणजे तापवून ताकद परत आणणं लागतं, आणि सायकलसाठी ते करून देणारा शोधायचा कुठे? उतारावर तुटली असती तर दात गोळा करत बसलो असतो. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद.

आता साहेब लोकांचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “सायकल तुमचीच कशावरून?” सायकलीला आरसी बुक नसतं, हे त्यांना मी सांगायचं! मग म्हणाले, पैसे मोबाईलवरून गेलेत ना, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माल समोर बघून घेतलात, हे आमचं काम नाही, ठाण्यात जा. परत ठाण्यात गेलो तर “हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.” चीर लपवून माल विकणं दिवाणी? मग भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 शोभेला ठेवलंय का? ग्राहक आयोगात जावं, तर विकणारा व्यापारी नाही, घरगुती माणूस. ॲपवाल्यांचं उत्तर दोन ओळींचं: आम्ही फक्त गाठ घालून देतो. तेवढं मात्र चोख केलं त्यांनी. ठाण्यात अर्ज घेतला, पण पोच द्यायला खळखळ केली. पोच घेतल्याशिवाय हलू नका, नाहीतर तुम्ही आलाच नव्हतात.

सायकल उलटी करून पेडलचे दांडे फ्रेमला जिथे जोडलेले असतात, तिथे खाली कोरलेला फ्रेम नंबर वाचा. खरवडलेला असेल तर चोरीची असण्याची दाट शक्यता, तिथूनच परत फिरा. सीटची नळी वरखाली करून बघा. गंजून अडकलेली नळी मेकॅनिकचाही घाम काढते. मूळ बिल मागा. ते नसेल तर कागदावर नाव, फ्रेम नंबर, रक्कम, तारीख, सही घ्या. आणि फ्रेमवर स्टिकर असेल तर पैसे देण्याआधी त्याच्याच हाताने सोलायला लावा. नाही म्हणाला तर निघा, टोकन बुडालं तरी चालेल. माझे तिथे हजारच गेले असते.