घरच्या ५जी वायरलेस इंटरनेटचा अनुभव: कांड्या नको, एसआयएनआर बघा

आमच्या पुण्यातल्या कर्वेनगरच्या गल्लीत फायबर अजून पोचलेलं नाही, म्हणून दिवाळीत ५जी वायरलेस कनेक्शन घेतलं. गच्चीवर बाहेरचं युनिट, तिथून एक वायर खाली घरातल्या वायफाय राउटरला. प्लॅन १०० एमबीपीएसचा. आता निम्मा पावसाळाही सरलाय, तेव्हा नीट लिहिता येईल.

बसवायला आलेल्या मुलाने युनिटचं तोंड जवळच्या टॉवरकडे केलं, कांड्या फुल्ल आल्या, तो गेला. स्पीड मात्र भर दुपारीही ३५ च्या पुढे सरकेना. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: "सर, सिग्नल उत्तम आहे." आणि तो होताच. युनिटच्या सेटिंगच्या पानावर आरएसआरपी, म्हणजे सिग्नलची ताकद, उणे ७८. खालच्या ओळीत एसआयएनआर मात्र फक्त ६.

खरी गोम या दुसऱ्या आकड्यात आहे. टूजीत शेजारशेजारच्या टॉवरांना वेगवेगळी फ्रिक्वेन्सी वाटून दिलेली असायची. ४जी-५जीत प्रत्येक टॉवर कंपनीचा तोच फ्रिक्वेन्सीचा पट्टा पूर्ण वापरतो. त्यामुळे क्षमता वाढते, पण दोन टॉवरांच्या सीमेवर राहणाऱ्याला दोघांचा आवाज सारखाच ऐकू येतो. आपल्या टॉवरचा सिग्नल बाकीच्यांच्या गोंगाटापेक्षा किती वरचढ, ते एसआयएनआर सांगतो. तो कमी असला की टॉवर एका वेळी कमी बिट पाठवतो, अगदी वाईट असेल तर २. चांगला असेल तर ८.

मग रविवारी गच्चीवर गेलो. मी युनिट थोडं थोडं फिरवत होतो आणि मुलगी खालून फोनवर आकडा वाचत होती. "बाबा, सात… नऊ… परत सात!" शेवटी युनिट पाण्याच्या टाकीच्या पलीकडे नेलं, तोंड वारज्याच्या दिशेच्या लांबच्या टॉवरकडे केलं. जवळचा टॉवर टाकीआड गेला. आरएसआरपी घसरून उणे ९० झाला, एक कांडी कमी झाली, आणि एसआयएनआर १९ वर गेला. दुपारचा स्पीड ९५. युनिट तेच, प्लॅन तोच.

संध्याकाळी आठनंतर स्पीड अजूनही पडतो, कधी ६०, आयपीएलच्या दिवसांत त्याहून कमी. याची दोन कारणं असू शकतात आणि ती वेगळी ओळखता येतात. ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १०० मेगाहर्ट्झ रुंदीत २७३ रिसोर्स ब्लॉक, म्हणजे त्या पट्ट्याचे वाटायचे छोटे तुकडे, असतात. दर अर्ध्या मिलिसेकंदाला कोणाला किती ब्लॉक द्यायचे हे टॉवर ठरवतो. सेटिंगच्या पानावरचा सीक्यूआय, म्हणजे सिग्नलच्या दर्जाचा आकडा, जो १५ पर्यंत जातो, तसाच राहून स्पीड पडला, तर आपल्याच टॉवरवर गर्दी आहे, वाट्याला ब्लॉक कमी येतायत. सीक्यूआयही पडला, तर शेजारचे टॉवर जोरात चालू आहेत आणि त्यांचा त्रास होतोय. माझ्याकडे पहाटे १४ असतो, रात्री नऊला १० किंवा ११, म्हणजे थोडं दोन्ही. विसर्जनाला लक्ष्मी रोडवर कांड्या फुल्ल असूनही मेसेज जात नाही, त्यामागे मोठं कारण हे ब्लॉकच: हजारो फोन आणि ब्लॉक तेवढेच.

पावसाची भीती सगळे घालतात. या फ्रिक्वेन्सीला पावसाच्या धारांनी फारसा फरक पडत नाही. मला फरक पडला तो समोरच्या गुलमोहराला पालवी फुटली तेव्हा. ओल्या पानांनी सिग्नलचे तीन-चार डीबी (डेसिबल) खाल्ले. युनिट पाइपवर हातभर वर चढवलं, बरचसं भरून आलं.

अपलोडबद्दल मात्र नाराज आहे. या पट्ट्यात एकच फ्रिक्वेन्सी वेळ वाटून दोन्ही दिशांना वापरतात, आणि जास्त वेळ डाउनलोडला जातो. बायकोच्या व्हिडिओ कॉलला पुरतं, पण मोठी फाइल चढवायची तर रात्री लावून झोपतो.

फायबर मिळत असेल तर तेच घ्या. नसेल तर हे घ्यायला हरकत नाही. फक्त बसवणाऱ्याला सही देण्याआधी सेटिंगचं पान उघडायला लावा. एसआयएनआर १५ च्या खाली असेल, तर गच्चीचा दुसरा कोपरा बघायला सांगा, आणि टाकी किंवा जिन्याच्या भिंतीचा आडोसा करून बघा.