पन्हळीचा पाइप साफ करायला डोअर टी की चेंबर?
बागेतल्या खोलीच्या पत्र्याला पन्हळ लावली की पाइप कधी ना कधी तुंबणारच, आमच्याकडे तर आंब्याची पानं. डोअर टी म्हणजे उभ्या पाइपात बोल्टवालं झाकण, स्वस्त, जागाही खात नाही, पण तुंबल्यावर उघडलं की वर साचलेलं सगळं काळं पाणी थेट बाहीत, आणि बोल्ट गंजले तर बसा पाना घेऊन. चेंबर म्हणजे पाइपाच्या पायथ्याशी जमिनीत बांधलेला झाकणवाला हौद, त्याला खोदकाम, विटा, प्लास्टर, खर्च जास्तच. पण बाहेर जाणारा पाइप तळापासून वीतभर वर ठेवला तर गाळ खाली बसतो, झाकण उचला नि हाताने काढा, आडव्या पाइपात बांबूच्या कामट्याही घालता येतात. फक्त पाणी साचतं, डास होतात, झाकण घट्ट हवं. मी तरी चेंबरच करीन. टी लावलीच तर तिचं झाकण भिंतीकडे नको हो, आमच्या प्लंबरने नेमकं तेच केलंय.