बारच्या दारावर कोण: सुरक्षा संस्थेचा रक्षक की स्वतःचा माणूस?
म्हापशाजवळ बार चालवणाऱ्या एका स्नेह्याला हा पेच पडला आहे. खर्चात थेट पगारावरचा माणूस परवडतो, कारण संस्थेचे कमिशन वाचते; शिवाय नेहमीची गिऱ्हाइकेही तो ओळखतो. नियमनात मात्र पारडे फिरते. खासगी सुरक्षा संस्था (नियमन) अधिनियम, 2005 संस्थेला परवाना बंधनकारक करतो आणि तिच्या रक्षकासाठी 18 ते 65 वय, चारित्र्य पडताळणी, प्रशिक्षण व छायाचित्रासह ओळखपत्र मागतो; स्वतःच्या माणसाची खातरजमा मालकानेच करायची. रात्री एक वाजता झिंगलेल्या पाहुण्याची कॉलर धरायची की टॅक्सी बोलवायची, हे बाहूंच्या घेरावरून कळत नाही. आठ टेबलांच्या गावातल्या बारला पडताळणी केलेला स्वतःचा माणूस पुरे. किनाऱ्यावरच्या क्लबने मात्र परवान्याची प्रत पाहून संस्थाच नेमावी.