गिटार अ‍ॅम्पचे स्पीकर बदलून सात महिने: गावच्या व्होल्टेजवर काय फरक पडला

अ‍ॅम्प १०० वॉटचा सॉलिड स्टेट कॉम्बो, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणारा, अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. आत बारा इंची दोन स्पीकर, प्रत्येकी ८ ओहम, पॅरललमध्ये जोडलेले, म्हणजे एकूण भार ४ ओहम. मूळचे स्पीकर काढून सेलेस्चनचे जी१२के-१०० बसवले. दिवाळीनंतरच्या मंडईपासून (आमच्याकडची गावजत्रा) एप्रिलमधल्या भीमगीतांपर्यंत आणि पुढे मे महिन्यातल्या लग्नसराईत तो सतत वाजला, त्यामुळे आता खात्रीनं लिहिता येतं.

स्पीकर बदलायचं खरं कारण व्होल्टेज. संध्याकाळी मोटारपंप सुरू झाले की गावात २३० चे १८० होणं रोजचंच. ज्या अ‍ॅम्पमध्ये साधा ट्रान्सफॉर्मर आहे, त्याच्या आतला डीसी पुरवठाही त्याच प्रमाणात खाली येतो, म्हणजे साधारण ७८ टक्क्यांवर. ताकद मात्र व्होल्टेजच्या वर्गानं घटते, म्हणून १०० वॉटचे जेमतेम ६० उरतात. मागच्या रांगेला ऐकू जावं म्हणून व्हॉल्यूम वाढवला की आवाज फाटतो. मंडळी म्हणतात अ‍ॅम्प कमजोर आहे, मोठा घ्या. पण मोठा अ‍ॅम्पही गावच्या त्याच डीपीवर (वीज ट्रान्सफॉर्मरवर) चालणार.

इथे स्पीकरची सेन्सिटिव्हिटी कामी येते. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, तो हा आकडा. जुन्या स्पीकरच्या मागे ९६ छापलं होतं, नव्याचा आकडा ९९. तीन डेसिबल वाढणं म्हणजे वॉट दुप्पट केल्यासारखं. पडलेल्या व्होल्टेजवरसुद्धा आता आधीच्या पूर्ण व्होल्टेजपेक्षा थोडा जास्तच आवाज मिळतो, आणि न फाटता. वर अ‍ॅम्पला कमी राबावं लागतं, म्हणून हीटसिंक कमी तापतो. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडच्या ४५ अंशांत याची किंमत कळते.

सेलेस्चनचाच व्हिंटेज ३० स्पीकर का नाही, हे बरेच जण विचारतात. त्याची सेन्सिटिव्हिटी १०० आहे, पण क्षमता ६० वॉट. दोन मिळून १२०, आणि सॉलिड स्टेट अ‍ॅम्प क्लिप व्हायला, म्हणजे फाटायला लागला की लेबलवरच्या वॉटपेक्षा जास्त ताकद बाहेर टाकतो. एवढी थोडी राखीव क्षमता मांडवात पुरत नाही. शिवाय त्याचा वरच्या मिडचा उठाव ट्रान्झिस्टरच्या डिस्टॉर्शनवर कानाला टोचतो. एक व्हिंटेज ३० आणि एक १०० वॉट क्षमतेचा जी१२के-१०० लावायचा असेल तर हिशेब नीट करा: पॅरललमधले दोन्ही ८ ओहमचे स्पीकर सारखीच ताकद घेतात, म्हणून सुरक्षित मर्यादा १२० वॉटच राहते, १६० नाही.

ऑर्डर देताना ओहम दोनदा वाचा. जी१२के-१०० हे मॉडेल १६ ओहममध्येही येतं. ते दोन पॅरललमध्ये लावले तर भार ८ ओहम होतो, अ‍ॅम्पला धोका नाही, पण ताकद जवळपास अर्ध्यावर येते आणि कमावलेले तीन डेसिबल तिथेच जातात. उलट ४ ओहमच्या अ‍ॅम्पला बाहेरून आणखी एक पेटी पॅरललमध्ये जोडली तर आऊटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतात.

बसवण्याआधी प्लग काढा. जुन्या तारांचा फोटो काढून ठेवा. नवे स्पीकर जोडण्यापूर्वी एक तपासणी कराच: जुने स्पीकर लावलेले असतानाच अ‍ॅम्प चालू करा, व्हॉल्यूम शून्य ठेवा आणि स्पीकरच्या टोकांवर डीसी मोजा. पन्नास मिलिव्होल्टच्या आत हवा. व्होल्टमध्ये आकडा आला तर आधी अ‍ॅम्प दुरुस्त करा, नाहीतर नवी व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) पहिल्याच दिवशी जळेल.

पेटी तोंडावर पालथी घाला. आता खरी सावधगिरी. पेचकस चुंबकाजवळ गेला की हातातून ओढला जातो आणि टोक सरळ कागदी कोनमध्ये घुसतं. डाव्या हाताची बोटं पेचकसाच्या दांड्याला फ्रेमच्या कडेशी धरून ठेवावीत, कोनवर जाड पुठ्ठा झाकावा. भोकं नव्यानं पाडायची तर स्पीकर खोलीबाहेर ठेवा. लोखंडाचा कीस चुंबक आणि कॉइलमधल्या गॅपमध्ये शिरला की खरखर कायमची.

स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. एकच बाजू आधी घट्ट केली तर फ्रेम पिळते आणि कॉइल घासते. भुशाच्या बोर्डात जुनं भोक ढिलं झालं असेल तर काडेपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोका, रात्रभर वाळू द्या. टी-नट आणि बोल्ट लावले तर उत्तमच.

तारांच्या क्लिपा २.८, ४.८ आणि ६.३ मिलिमीटर अशा मापांत येतात, म्हणून आधी स्पीकरच्या टोकाची पट्टी (टॅब) मोजा. पोलॅरिटी दीड व्होल्टच्या सेलनं पाहा: धन टोकाला धन लावताच कोन बाहेर यायला हवा, दोन्हींचा सारखाच. एक उलटा राहिला तर गिटारचा खर्ज गायब होतो आणि दोष स्पीकरला लागतो. शेवटी मल्टिमीटर लावा. जोडीचा रेझिस्टन्स तीन ते साडेतीन ओहमच्या आसपास दिसतो.

सुरुवातीला आवाज कोरडा वाटला. पंधरा-वीस तास वाजल्यावर वरची धार थोडी मवाळ झाली, फार नाही. क्लीन चॅनल सुंदर झालाय, मांडवात ऑक्टोपॅड आणि की-बोर्डच्या गर्दीतूनही कॉर्डचा एकेक सूर वेगळा कळतो. डिस्टॉर्शन मात्र जसं होतं तसंच. प्रीअ‍ॅम्पची सरसर उलट जास्त ऐकू येते, कारण तीन डेसिबल तिलाही मिळाले. ट्रेबल चारच्या वर नेऊ नये.

पेटी जड झाली आहे, टेम्पोत चढवायला दोघं लागतात. चार कार्यक्रम झाले की खडबडीत रस्त्यानं स्क्रू सैल होतात, तेव्हा स्प्रिंग वॉशर टाका. मागची बाजू उघडी असेल तर बारीक जाळी ठोका. पावसाळ्यात गोदामात ठेवलेल्या पेटीत उंदीर पहिले कोनचाच कागद कुरतडतात.