मॅचइट: फुकट आहे, पण मूळ सेटिंगवर सोडू नका

प्रशिक्षणाचा परिणाम मोजायचाय, पण ते कुणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नसेल, तर प्रत्येक लाभार्थ्याला त्याच्यासारखाच प्रशिक्षण न घेतलेला जोडीदार शोधून तुलनेचा गट जुळवायला आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं हे पॅकेज उत्तम. मूळ सेटिंगमध्ये कॅलिपर, म्हणजे जोडीतल्या दोघांत किती फरक चालेल याची मर्यादा, नसतो, त्यामुळे ‘सर्वांत जवळचा’ जोडीदार प्रत्यक्षात कोसभर लांबचाही निघतो. ०.२ प्रमाण विचलनाचा कॅलिपर लावा. जोडी न मिळालेले काही लाभार्थी गळतील आणि उत्तर उरलेल्यांपुरतंच राहील. मग समरी ही आज्ञा चालवून दोन गटांमधले प्रमाणित फरक (सरासरींतला फरक भागिले प्रमाण विचलन) ०.१ च्या आत आहेत का बघा. पी-व्हॅल्यू, म्हणजे असा फरक निव्वळ योगायोगाने येऊ शकतो का हे सांगणारा आकडा, इथे कामाची नाही. जुळवणीत प्रशिक्षणापूर्वीचं उत्पन्न हवंच. नंतरचं काही घुसवलंत तर परिणामच पुसट होतो. अर्जदारांची जिद्द मोजलेलीच नसेल तर हे पॅकेज ती काय जुळवणार? शेवटी परिणाम काढताना प्रमाण त्रुटी (उत्तरातली अनिश्चितता) जोडीनिहाय क्लस्टर करा, म्हणजे एका जोडीतल्या दोघांना एक गट धरून मोजा; ते आपोआप होत नाही.